घरचा जमाखर्च : सल्ला देणारा कोणाचा?

मार्च महिना जवळ आला की मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात एक विशिष्ट पाहुणा वारंवार दिसू लागतो. तो बहुधा परका नसतो. कोणाच्या कचेरीतील सहकाऱ्याचा मुलगा, कोणाच्या वहिनींचा मावसभाऊ, नाही तर ज्या बँकेत वडिलांच्या वेळेपासून आपले खाते चालत आले आहे त्या बँकेतील एखादा हसतमुख अधिकारी. त्याच्या हाती रंगीत कागदांची चळत असते, तोंडी 'काका', 'काकू' असते, आणि घरातील वडील मंडळींच्या शिल्लक पैशाची त्याला मोठी काळजी लागलेली असते. या सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा मथितार्थ अलीकडे एकच असतो : हा गृहस्थ आमच्या हिताचे सांगतो की स्वतःच्या, हे ओळखावे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि ज्या घरांत चार कर्त्या माणसांची मिळकत एकाच माणसाच्या सहीने गुंतविली जाते, त्या घरांत तर तो सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

प्रथमच हे सांगणे अवश्य आहे की, या पाहुण्यास लबाड ठरवावे असा आमचा मुळीच हेतू नाही. तो बहुधा आपल्या मालावर विश्वास असलेला विक्रेता असतो, आणि विक्री हा काही हीन धंदा नव्हे. कापडाच्या दुकानात गेल्यावर 'हे लुगडे आपणांस शोभत नाही, दुसरीकडे पाहा' असे दुकानदाराने म्हणावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. घोटाळा होतो तो दुकानदारास आपण वैद्य समजू लागतो तेव्हा. ज्या ज्योतिष्याची दक्षिणा शांतींच्या संख्येवर ठरते, त्यास पत्रिकेतील ग्रह अनुकूल दिसणे जरा कठीणच जाते. त्यात त्याचा दुष्टपणा असतो असे नव्हे. व्यवहाराची मांडणीच तशी असते.

कायद्याने हा भेद स्पष्ट केलेला आहे, परंतु तो घरोघर पोहोचलेला नाही. 'सेबी' या संस्थेने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. त्यांप्रमाणे नोंदलेला सल्लागार आपला मोबदला अशिलाकडून, म्हणजे तुमच्याकडून, उघडपणे घेतो. तो ज्या योजना सुचवील त्या योजनांच्या चालकांकडून त्यास दलाली घेता येत नाही. २०२० च्या सुधारणेने एकाच कुटुंबास सल्लाही द्यावयाचा आणि मालही विकावयाचा, हा दुहेरी मार्ग बंद करण्यात आला. याच सुधारणेने नुसत्या वितरकास स्वतःला 'इंडिपेंडंट फायनान्शियल अॅडव्हायझर' अथवा 'वेल्थ अॅडव्हायझर' म्हणवून घेण्याचीही मनाई झाली. नोंदलेल्या सल्लागाराच्या नोंदणीक्रमांकाचा आरंभ 'आयएनए' या अक्षरांनी होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहता येतो. म्युच्युअल फंड विकणाऱ्या वितरकाचा क्रमांक 'एआरएन' ने सुरू होतो. दोघेही कायदेशीर आहेत. पण पहिला तुमचा माणूस, दुसरा कंपनीचा. बँकेतील रिलेशनशिप मॅनेजर तर आधी बँकेचा नोकर असतो, आणि त्याच्या डोक्यावर दरमहा अमुक इतके विमे खपविण्याचा आकडा टांगलेला असतो. तो किती गोड बोलतो याचा या प्रश्नाशी काही संबंध नाही.

आता हा मोबदला किती असतो ते पाहू, कारण येथेच सर्व मर्म आहे. बारा वर्षे वा अधिक काळ हप्ते भरावयाच्या आयुर्विम्यावर पहिल्या वर्षीच्या हप्त्यापैकी शेकडा ३५ पर्यंत दलाली देण्याची मुभा २०१६ च्या नियमांनी होती. २०२३ पासून ही ठराविक मर्यादा काढून कंपन्यांच्या एकूण खर्चावर बंधन घालण्यात आले, म्हणजे कोणत्या विम्यावर किती दलाली द्यावयाची हे कंपनीने ठरवावे असे झाले. उलटपक्षी, भविष्यनिर्वाह निधीच्या सार्वजनिक योजनेवर, म्हणजे पीपीएफवर, आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवर मध्यस्थांस मिळणारी अल्पस्वल्प दलाली सरकारने डिसेंबर २०११ पासून बंदच केली. एकाच लाखाची गोष्ट घ्या. तो विम्यात गेला तर विकणाऱ्यास वर्षाच्या आत तीस-पस्तीस हजार मिळण्याचा संभव. तो पोस्टात गेला तर शून्य. हे दोन आकडे ज्याच्या डोळ्यांपुढे सदैव नाचत असतात, त्याने मन निर्लेप ठेवावे ही अपेक्षा साधुसंतांकडून करावी. प्रपंची माणसाकडून करणे अन्यायाचे होईल.

म्हणून आमचे वाचकांस असे सांगणे आहे की, सल्लागार काय सांगतो याकडे जितके लक्ष देता त्याहून अधिक लक्ष तो काय सांगत नाही याकडे द्यावे. बोलण्यात वाकबगार असलेला मनुष्य बोलण्यात सापडत नाही. त्याच्या मौनात सापडतो. घरावर साडेआठ-नऊ टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना, 'हाती आलेल्या पैशांतून आधी कर्ज फेडा' असे तो कधी म्हणाला आहे काय? साठी उलटलेल्या आजोबांस त्याने पोस्टातील ज्येष्ठ नागरिक योजनेचे नाव तरी ऐकविले आहे काय? एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा व्याजदर ८.२ टक्के ठरला आणि त्याच वर्षी ठेवीची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. दर तिमाहीस व्याज खात्यात येते, आणि मागे सरकार उभे असते. निवृत्त माणसास शोभेल अशी ही सोय असताना रंगीत कागदांच्या चळतीत तिचा एकही कागद नसतो. तीस वर्षांच्या कमावत्या मुलास, ज्याच्यावर बायको-मुलांचा भार आहे, त्यास निव्वळ मृत्यूची जोखीम उचलणारा स्वस्त टर्म विमा त्याने सुचविला काय, की 'पैसे परत मिळत नाहीत, फुकट जातात' म्हणून नाक मुरडले? आणि 'यंदा काही करू नका, आहे ते उत्तम आहे' हे वाक्य इतक्या वर्षांत एकदा तरी त्याच्या तोंडून निघाले काय? ज्याच्या औषधपेटीत प्रत्येक रोगावर एकच महागडी मात्रा निघते, त्याच्या निदानाविषयी शंका घेण्यास फार मोठी विद्वत्ता लागत नाही.

बोलण्यातील आकड्यांचेही एक शास्त्र आहे. 'दरसाल एक लाख, फक्त वीस वर्षे. शेवटी पस्तीस लाख, शिवाय विमा फुकट' असे सांगितले की वीस लाखांचे पस्तीस लाख झालेले ऐकून मन प्रसन्न होते. परंतु पहिला लाख वीस वर्षे अडकला आणि शेवटचा एकच वर्ष, हे ध्यानात घेऊन हिशेब केला तर हा लाभ द. सा. द. शे. जेमतेम पाचाच्या घरात येतो. हेच लाख दरसाल पीपीएफमध्ये, एप्रिल २०२० मध्ये ठरलेल्या ७.१ टक्के दराने, पंधरा वर्षे आणि वर पाच वर्षांची एक वाढ, असे ठेवले तर वीस वर्षांनी ४४ लाखांच्या वर रक्कम होते. दर पुढे बदलू शकतो हे खरे. आणि विम्यात मृत्यूची जोखीम उचललेली असते तिची किंमत धरली पाहिजे, हेही खरे. पण ती जोखीम वेगळ्या टर्म विम्याने उचलली तर तिचा खर्च किती, हे विचारून पाहावे. नऊ लाखांची तफावत कोठे गेली याचा उलगडा होईल. घरात शिकलेली मुले असतात. संगणकावर हा हिशेब करावयास त्यांस पाच मिनिटेही लागत नाहीत. मात्र सही करण्यापूर्वी त्यांस विचारले पाहिजे. विम्याच्या लाभदर्शक तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन गृहीत दरांनी आकडे छापलेले असतात. बोट नेहमी आठाच्याच स्तंभावर का ठेवले जाते, हे पाहणाऱ्याने ओळखावे. आणि त्याच तक्त्यात खात्रीचा, म्हणजे 'गॅरंटीड' स्तंभ कोणता, ते आधी शोधावे.

एका निवृत्त शिक्षकांच्या घरची कागदपत्रे आमच्या पाहण्यात आली. मुदतठेवीचे नूतनीकरण करण्यास ते बँकेत गेले होते. 'त्याहून चांगली ठेव' म्हणून त्यांच्याकडून पाच लाखांचा धनादेश घेण्यात आला. वर्षाने दुसऱ्या पाच लाखांची मागणी आली तेव्हा घरात कळले की, ती ठेव नसून दरसाल हप्ता भरावयाचा आयुर्विमा आहे, आणि विमा उतरला आहे तो मुलाचा! सत्तरीच्या माणसाच्या आयुष्यावर विमा महाग पडतो, म्हणून पैसे वडिलांचे आणि आयुष्य मुलाचे अशी ही योजना. कागदांवर सह्या खऱ्या होत्या. खुलाशाचा जो फोन कंपनीकडून येतो तोही आला होता, आणि शिक्षकांनी प्रत्येक प्रश्नास 'हो' असे उत्तर दिले होते. कारण 'फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाही तर फॉर्म परत येतो' असे त्यांस आधीच पढविण्यात आले होते.

या एका वाक्यावर आम्ही मुद्दाम थांबतो. तो फोन तुमच्या रक्षणार्थ ठेवलेला आहे. 'ही मुदतठेव नाही हे आपणांस ठाऊक आहे ना?', 'हप्ता किती वर्षे भरावयाचा हे समजले ना?' असे त्यात विचारतात. त्या पहाऱ्यावरच्या शिपायास चकवून आत जाण्याची विद्या जो तुम्हांस शिकवितो, तो आपल्या घराचा माणूस नव्हे, हे निःसंशय समजावे. याच जातीची आणखीही लक्षणे आहेत. कोऱ्या अर्जावर सही घेणे. अर्जात तुमच्या दूरध्वनिक्रमांकाऐवजी स्वतःचा क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता लिहिणे, म्हणजे कंपनीच्या सूचना परस्पर त्याच्याकडे जातात. 'काकू, एक ओटीपी आला असेल तो सांगा' अशी फोनवर मागणी करणे. आणि धनादेश कंपनीच्या नावे न घेता स्वतःच्या नावे घेणे. शेवटच्या प्रकारात तर पुढे वाचण्याचीही जरुरी नाही. उठून दार उघडावे.

सुशिक्षित माणसे अशा जाळ्यात सापडत नाहीत असा कित्येकांचा समज असतो. येस बँकेच्या एटी-१ कर्जरोख्यांचे प्रकरण त्यांनी आठवावे. या रोख्यांस परतफेडीची मुदत नसते, आणि बँक अडचणीत आली तर ते पूर्णपणे शून्य करता येतात. म्हणून ते मोठ्या संस्थांनी घ्यावयाचे असतात. मार्च २०२० मध्ये बँक डबघाईस आली आणि ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे शून्यवत ठरविण्यात आले. सेबीने एप्रिल २०२१ च्या आपल्या आदेशात असा निष्कर्ष काढला की, हे रोखे बँकेने आपल्याच ग्राहकांच्या गळ्यात 'सुपर एफडी' म्हणून मारले. ज्या १,३४६ व्यक्तींनी ते घेतले त्यांपैकी १,३११ जण बँकेचे जुने ग्राहक होते, आणि २७७ जणांनी तर त्याच बँकेतील मुदतठेवी मुदतीपूर्वी मोडून पैसे तिकडे वळविले. सेबीने बँकेस २५ कोटींचा दंड केला. बँकेने त्याविरुद्ध अपील केले, आणि रोखे शून्य करण्याचा वादही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयीन बाजू काहीही असो. आपण बोध घ्यावयाचा तो एवढाच की, 'मुदतठेवीसारखेच, पण व्याज जास्त' हे शब्द कानी पडताच 'सारखेच' म्हणजे कोणकोणत्या बाबतीत, हे लेखी मागावे.

सर्वांत दुःखद पत्रे येतात ती विधवा भगिनींची. घरचा कर्ता पुरुष गेला, विम्याची आणि निधीची रक्कम खात्यात जमा झाली, की बँकेच्या पडद्यावर तो आकडा दिसतो, आणि दिवसवार संपतात न संपतात तोच समाचारास येणाऱ्यांत एक अपरिचित चेहराही येऊन बसतो. त्या मनःस्थितीत 'मुलांच्या शिक्षणाची तरतूद' हे शब्द ऐकून कोणतीही आई सही करील. अशा कुटुंबांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, सहा महिने काहीही करू नये. रक्कम अल्प मुदतीच्या ठेवीत, शक्य तर दोन बँकांत विभागून, स्वस्थ पडू द्यावी. ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेमागे पाच लाखांची आहे, हे स्मरणात असावे. सहा महिन्यांत व्याजाचे जे थोडे नुकसान होईल ते होऊ द्यावे. आणि दीर-नणंदांनी त्या बाईंस वगळून निर्णय करू नयेत. तिचे पैसे कोठे आहेत हे तिला ठाऊक नसणे, ही परक्या सल्लागाराने केलेल्या फसवणुकीपेक्षा थोडीच कमी वाईट गोष्ट आहे.

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत मामला इतका उघड नसतो. तेथे ऑगस्ट २००९ पासून प्रवेशशुल्क बंद आहे, आणि ऑक्टोबर २०१८ पासून वितरकास आरंभीच ठोक रक्कम देण्याचीही मनाई आहे. पैसा जोवर योजनेत आहे तोवर त्यास वर्षासन मिळत राहते. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा दलालीविरहित 'डायरेक्ट' प्रकारही उपलब्ध आहे. दोहोंत खर्चाचा फरक वर्षास एक टक्का आहे असे धरा. दहा लाख रुपये वीस वर्षे ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८० लाख ६० हजार होतात. १० टक्क्यांनी वाढले तर ६७ लाख ३० हजारांच्या आसपास. सव्वातेरा लाखांहून अधिक रकमेचा हा मोबदला आहे. तो देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. बाजार कोसळला असता घाबरून विकू पाहणाऱ्या आजोबांचा हात धरून ठेवणारा वितरक त्याहून अधिकाचे रक्षण करतो, असेही आम्ही पाहिले आहे. पण देतो आहोत हे ठाऊक असून द्यावे. दर सहामाहीस येणाऱ्या एकत्रित खातेपत्रकात वितरकास तुमच्या गुंतवणुकीपोटी किती रुपये मिळाले तो आकडा छापलेला असतो. आमचा अंदाज असा की, शंभरांत नव्वद घरांत ते पत्रक कधी उघडलेही जात नाही. ते एका रविवारी सर्वांनी मिळून उघडावे. त्याच बैठकीत हेही पाहावे की, जुनी योजना मोडून नवी घ्या असा आग्रह वर्षातून किती वेळा झाला, आणि 'दहा रुपयांस युनिट मिळते, स्वस्त आहे' या कारणास्तव किती नव्या योजना घरात आल्या. युनिट दहाचे असो वा पाचशेचे, आतील शेअर बाजारभावानेच घेतलेले असतात. त्यात स्वस्त-महाग काही नाही.

उघड मोबदला देण्यास आपले लोक कुरकुरतात, हा मात्र आपला दोष आहे. डॉक्टरांस तपासणीचे पैसे देताना कोणी हिशेब घालीत नाही, पण पैशाविषयीच्या सल्ल्याला पैसे म्हटले की भुवया वर चढतात. नोंदलेल्या सल्लागाराचे ठराविक शुल्क कुटुंबामागे वर्षास किती घ्यावे यावरही सेबीची मर्यादा आहे. २०२० मध्ये ती सव्वा लाख ठरली आणि २०२५ मध्ये १ लाख ५१ हजार झाली. सामान्य घरास इतके द्यावे लागत नाही. एकदा बसून सारी मांडणी तपासून घेण्याचे शुल्क त्याच्या मानाने पुष्कळच कमी असते.

ज्यांच्या हाती विम्याचे कागद नुकतेच पडले असतील त्यांनी लिफाफ्यावरील तारीख आधी पाहावी. विमापत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसल्यास ते परत करता येते, आणि किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. या मुदतीतच तो गोड पाहुणा नेमका गावाला गेलेला असतो, म्हणून अर्ज थेट कंपनीस लिहावा आणि पोच घ्यावी. मुदत टळली असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी, पूर्ण एक वर्षाचा हप्ता भरलेल्या नव्या विमापत्रासही सोडून देताना काही मूल्य मिळते. पूर्वी एका हप्त्यावर थांबणाऱ्यास बहुधा काहीच मिळत नसे. फसवून विकल्याची तक्रार प्रथम कंपनीकडे लेखी करावी, आणि तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. मुंबईस व पुण्यास त्यांची कार्यालये आहेत, शुल्क पडत नाही आणि वकिलाची जरुरी नाही. उपरोक्त शिक्षकांनी तोच मार्ग धरला आहे.

राहता राहिला भिडेचा प्रश्न. एका वाचकभगिनीने विचारले आहे की, विकणारा सख्ख्या नणंदेचा मुलगा असल्यास काय करावे? नाही म्हटले तर वर्षभर सणावारी तोंडे वाकडी होतात. आमच्या मते भाच्यास जेवावयास बोलवावे, पुरणपोळीचा आग्रह करावा, आणि कागद ठेवून घेऊन सांगावे की, आमच्या घरी कोणत्याही कागदावर पंधरा दिवसांच्या आत आणि दोन माणसांनी वाचल्याशिवाय सही होत नाही. हा घरचा नियम आहे, तुझ्याकरिता केलेला नाही. मग त्यास सर्वांदेखत विचारावे की, 'बाळ, यात तुला किती मिळणार?' प्रामाणिक मुलगा आकडा सांगेल, आणि मग त्याच्याकडून काही घ्यावयाचे झाल्यास डोळे उघडे ठेवून घेता येईल. तो रागावला तर पंधरा दिवस वाट पाहण्याचीही गरज उरत नाही.